चोळायचा मसाला, भुरभुरायचा मसाला
(इंदूरच्या मराठी स्वयंपाकघराच्या इतिहासातील एक प्रकरण)



मराठी माणूस इंदुरात काय घेऊन आला, असे विचारले की आपण चटकन यादी सांगतो : मोडी लिपी, गणपती, नाटक, पुरणपोळी आणि गोडा मसाला. यादी खोटी नाही, पण ती फडावरच्या कारकुनाच्या घरची आहे. मल्हारराव होळकरांबरोबर नर्मदा ओलांडून जे आले, त्यांत लेखणीवाले मूठभर आणि भालेवाले फार. धनगर, मराठे, बारगीर, शिलेदार, त्यांचे खिदमतगार आणि मागून आलेली त्यांची बायकामुले. त्यांच्या चुलीवर काय शिजत होते आणि निखाऱ्यावर काय भाजले जात होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. सभेत बसणाऱ्या बहुतेकांच्या घरी गोड्या मसाल्याचा डबा होता, म्हणून इतिहासालाही त्याच डब्याचा वास लागला.

आजचा विषय कोरडा मसाला. त्यातही विस्तवाशी थेट संबंध असलेला : जो मांसाला, कंदाला, कणसाला भाजण्याआधी चोळतात, किंवा भाजून उतरवल्यावर वरून भुरभुरतात. आपली मुले-नातवंडे परदेशात अंगणात शेगडी मांडून बार्बेक्यू करतात, बाजारातून 'ड्राय रब'ची बाटली आणतात आणि मग कधीतरी फोनवर विचारतात, "आजी, हा घरी कसा करायचा गं?" आजी म्हणते, "आपल्यात नसतं रे तसलं काही." मला वाटते, आजीचे हे उत्तर इतिहासाला धरून नाही. आपल्यात ते होते, आणि एका अर्थाने आजही आहे. त्याचे दोन तुकडे होऊन ते दोन वेगळ्या डब्यांत गेले, एवढेच.

शब्दापासून सुरुवात करू. बार्बेक्यू हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांच्या बोलीतून स्पॅनिश भाषेत 'बार्बाकोआ' होऊन आला. विस्तवावर बांधलेली काटक्यांची माची, असा त्याचा मूळ अर्थ. वस्तू मात्र जगात सगळीकडे होती. अमरकोशात सळईवर भाजलेल्या मांसाला शूलाकृत, भटित्र आणि शूल्य असे तीन शब्द दिले आहेत. एका पदार्थाला तीन नावे लागतात तेव्हा तो घरोघरचा नसला तरी ओळखीचा नक्कीच असतो.

याहून जवळचा पुरावा दख्खनचा आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1130 च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी-कानडी सीमेवरचे. या ग्रंथाची छापील प्रत बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत निघाली, म्हणजे त्याला उजेडात आणण्याचे कामही एका मराठी संस्थानानेच केले. राजाच्या भोजनाचे वर्णन करणारा 'अन्नभोग' हा भाग आजही तोंडाला पाणी सुटेल असा आहे. मांसाचे तुकडे सळईला टोचून निखाऱ्यावर भाजणे, यकृताचे सुपारीएवढे तुकडे कोळशावर भाजणे, अख्खे रानडुक्कर विस्तवावर धरणे, हे सगळे त्यात आहे. मसाल्याला हिंग, मिरी, आले आणि सैंधव. एक वस्तू मात्र कुठेच नाही : मिरची. ती यायला अजून चारशे वर्षांचा अवकाश होता.

मिरची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून सोळाव्या शतकात ती गोव्याकडून आत शिरली. मिरीसारखी तिखट म्हणून आपण तिला 'मिरची' म्हटले, आणि जुन्या मालकिणीचे नाव नव्या सुनेला मिळाले. मराठी फौजांबरोबर मिरची उत्तरेकडे पसरली, असे मत काही अभ्यासक मांडतात. ते मला पटण्यासारखे वाटते, पण त्याला सही-शिक्क्याचा कागद नाही, म्हणून त्यावर फार भार टाकत नाही. आज निमाडात, खरगोन जिल्ह्यातल्या बेडियाला लाल मिरचीची मोठी मंडी भरते. हा मुलूख होळकरशाहीचा होता, आणि आपल्या घरची वर्षाची मिरची बहुधा तिथलीच असते.

आता फौजेकडे वळू. चालत्या फौजेचे स्वयंपाकघर म्हणजे तीन दगड. पाटा-वरवंटा घोड्यावर नेता येत नाही आणि ओले वाटण दुसऱ्या दिवशी आंबते. कोरडा मसाला पुरचुंडीत मावतो, महिनोन् महिने टिकतो आणि त्याला पाणी लागत नाही. 1804 च्या पावसाळ्यात यशवंतराव होळकरांच्या फौजेने कर्नल मॉन्सनला मुकुंदऱ्यापासून आग्र्यापर्यंत मागे रेटले. त्या चिखलात कोणी मसाला वाटत बसले असेल, असे मला वाटत नाही. छावणी मात्र दरिद्री नसे. 1809 साली दौलतराव शिंद्यांच्या छावणीत राहिलेल्या ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे प्रसिद्ध आहेत. छावणीबरोबर चालणाऱ्या बाजाराचे चित्र त्यांत पुरेसे स्पष्ट आहे. मीठ आणि धान्य बंजाऱ्यांच्या बैलांवरून येई. बकरे वाटेत मिळत, लाकूड रानात मिळे. मीठ, हळद, तिखट, धने-जिऱ्याची भरड आणि विस्तव एवढे जमले की शिलेदाराचे जेवण होत असणार. हे अनुमान आहे, पण या सामग्रीत दुसरे काही करणे अवघडच.

अनुमानाला आधार द्यायचा तर खानदेशाकडे पाहावे लागते. मल्हारराव लहानपणी वाढले ते खानदेशात, तळोद्याला, मामा भोजराज बारगळ यांच्याकडे. दख्खनमधून माळव्यात येण्याची वाटही खानदेशातून, सेंधव्याचा घाट चढून येते. म्हणून इंदूरच्या मराठी चुलीचे आजोळ पुण्यात शोधण्याऐवजी तापीकाठी शोधावे, असे माझे मत आहे. खानदेशी स्वयंपाक आजही विस्तवाशी सलगी ठेवून आहे. काळ्या मसाल्यासाठी खोबऱ्याची वाटी थेट जाळावर धरतात, कांदा निखाऱ्यात पुरतात. जळगावकडे भरिताची वांगी कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. देशावर हिवाळ्यात आगटी पेटवून हुरडा भाजतात आणि तो लसणाच्या, तिळाच्या, शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीबरोबर खातात. कोकणात रायगडकडे पोपटी लावतात : मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ आणि मसाला चोळलेली कोंबडी घालायची, मडके पालथे करून भोवती जाळ करायचा. घरच्या अंगणातला बार्बेक्यू याहून वेगळा काय असतो?

या उदाहरणांत एक भेद आहे, आणि माझे आजचे सगळे म्हणणे त्या भेदावर उभे आहे. पोपटीतल्या कोंबडीला मसाला विस्तवाच्या आधी लागतो. वांग्याला आणि हुरड्याला तो विस्तवानंतर लागतो. आधी चोळायचा आणि नंतर भुरभुरायचा, असे हे दोन मसाले. दोन्ही कोरडेच, पण त्यांचा स्वभाव वेगळा, आणि एकाचे काम दुसऱ्याला जमत नाही.

चोळायच्या मसाल्यात मुख्य काम मिठाचे. मीठ लावले की मांसाला आधी पाणी सुटते, त्या पाण्यात मीठ विरघळते आणि तो खार हळूहळू आत मुरतो. बाकीचा मसाला फारसा आत जात नाही. 'मसाला रात्रभर मुरला' असे आपण म्हणतो तेव्हा मुरलेले असते ते मुख्यतः मीठ. धने, जिरे, मिरी, तिखट वरच राहतात आणि विस्तवावर तेच भाजून त्यांचे खमंग कवच होते. म्हणून चोळायचा मसाला कच्चा किंवा जेमतेम शेकलेला असावा, आणि जाडसर असावा. त्याची भाजणी विस्तवावर व्हायची असते. आधीच खमंग भाजलेला गोडा मसाला कोंबडीला चोळून निखाऱ्यावर धरला तर त्यातले तीळ-खोबरे दुसऱ्यांदा भाजले जाते आणि कडू होते. गोडा मसाला आमटीसाठी, भरल्या वांग्यासाठी जन्मला आहे. त्याला विस्तवावर पाठवणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

अमेरिकेतल्या बाटलीत साखर असते, याचेही कारण इथेच सापडते. तिकडचा खरा बार्बेक्यू मंद आचेवर, साधारण 110 अंश सेल्सियसला, धुरात तासन् तास चालतो. इतक्या कमी आचेवर साखर करपत नाही, तांबूस होते. आपली कोळशाची शेगडी त्याच्या दुपटीहून जास्त तापते. तिच्यावर साखर लावलेले काहीही ठेवले तर पाच मिनिटांत कोळसा. आपल्या जुन्या चोळण्यात गूळ-साखर नाही, ती याचसाठी नसावी. चुलीसमोर बसणारीला थर्मामीटर लागत नाही.

भुरभुरायचा मसाला उलट स्वभावाचा. तो विस्तव सोसत नाही. काळे मीठ, आमचूर, सुंठ, हिंग, भाजलेले जिरे यांचा वास नाजूक असतो, आच लागली की तो उडतो. ही पूड गरम पदार्थावर, तो उतरवल्यावर पडली पाहिजे. आणि या मसाल्याचे नाव इंदुरात कोणाला सांगायला नको : जिरावण.

होळकरांची राजधानी इंदुरात स्थिरावली ती 1818 मध्ये. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरची लढाई हरली, 6 जानेवारी 1818 ला मंदसौरचा तह झाला, आणि फौजेची चाल थांबली. तात्या जोगांच्या कारभारात इंदूर हे कचेऱ्यांचे आणि बाजाराचे शहर होऊ लागले. शिलेदाराचा घोडा विकला गेला, लेखणीवाल्याचे दिवस आले. अफूच्या आणि सराफीच्या धंद्याने मारवाड-गुजरातचे व्यापारी आधीच इथे होते, आणि शहराची जीभ हळूहळू त्यांच्या शेव-नमकीनच्या चवीची झाली. तुकोजीराव दुसऱ्यांनी 1 कोटी रुपयांचे कर्ज देऊन खांडवा-इंदूर रेल्वे बांधवली. 1870 च्या दशकाच्या अखेरीस ती धावू लागली आणि कोकणचे खोबरे, नागकेशर, दगडफूल सियागंजच्या ठोक बाजारापर्यंत सोपेपणाने येऊ लागले. खोबरे माळव्यात पिकत नाही. गोडा मसाला इंदूरच्या घरोघरी पक्का झाला त्यात रेल्वेचा वाटा मोठा असला पाहिजे. उलट धने आणि मंदसौरकडचा लसूण इथलेच. तुमच्या घरच्या आणि पुण्याच्या नातेवाइकांच्या मसाल्यात खोबऱ्याचे प्रमाण ताडून पाहा. इंदूरचा डबा बहुधा धन्याकडे झुकलेला निघेल.

जिरावणाचा जन्म कधी झाला, याची तारीख कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पोहे मराठी लोकांनी आणले हे सगळे मान्य करतात. त्यांवरचे जिरावण कोणाचे, यावर मात्र वाद घालतात. हिंदीवाले म्हणतात जीऱ्यावरून जीरावन, मराठीवाले म्हणतात 'जिरवणे' यावरून जिरावण, म्हणजे अन्न जिरवणारे. भांडण मजेचे आहे, पण निष्फळ. अमरकोशात जिऱ्याला जीरक आणि जरण अशी दोन्ही नावे आहेत, आणि ती पचवण्याच्या अर्थाच्या एकाच धातूवर नेता येतात. जिरेही तेच आणि जिरणेही तेच. शिवाय वैद्यांचे हिंग्वाष्टक चूर्ण डोळ्यांपुढे आणा : सुंठ, मिरी, पिंपळी, अजमोदा, सैंधव, जिरे, शहाजिरे, हिंग. यातली सुंठ, मिरी, जिरे, हिंग आणि मीठ जिरावणातही आहेत. वर धने, बडीशेप, आमचूर, लवंग, दालचिनी, जायपत्री, मोठी वेलची आणि तिखट. वैद्याच्या पुडीतले चूर्ण रस्त्यावर आले आणि जेवणानंतर घ्यायची वस्तू जेवणावर पडू लागली, असे मी मानतो. सराफ्यात रात्री सोन्याच्या पेढ्या बंद झाल्यावर साबुदाण्याची खिचडी मिळते, तिच्यावरही कोरडा मसाला पडतो. हे पुण्याच्या माणसाला सांगितले तर तो उपवास मोडल्यासारखा चेहरा करतो.

इथे मला एका गोष्टीची खंत आहे. भुरभुरायचा मसाला बाजारात गेला, त्याची पाकिटे झाली, तो शहराची ओळख बनला. गोडा मसाला पुस्तकात गेला. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' 1875 चे, लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' 1910 चे, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' 1970 ची. ही पुस्तके आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या वापरली गेली. चोळायचा मसाला मात्र ना बाजारात गेला, ना पुस्तकात. लक्ष्मीबाईंनी सामिष पदार्थ मोकळेपणाने लिहिले, पण ती मुंबईची पाठारे प्रभूंची चूल. माळव्यातल्या धनगर आणि मराठा घरांत बकरा कापल्यावर काळीज आधी निखाऱ्यावर जायचे आणि त्याला काय चोळायचे, हे ज्या बायकांना ठाऊक होते त्यांच्या हातात लेखणी नव्हती. ज्यांच्या हातात होती त्यांच्या घरी ते रांधले जात नव्हते, किंवा रांधले तरी अंगणातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यांत, पुरुषांच्या हातून. असे परसातले प्रकार लिहून ठेवायचे नसतात, हा आपला जुना संकोच. त्या संकोचाने इंदूरच्या मराठी इतिहासातला निम्मा स्वयंपाक गाळला गेला. सोमेश्वराच्या सुपारीएवढ्या काळजाच्या तुकड्यांना संस्कृत श्लोक मिळाले आणि होळकरी शिलेदाराच्या घरच्या काळजाला एक वहीसुद्धा मिळाली नाही.

निरामिष घरांतही चोळायचा मसाला होताच, फक्त त्याला मसाला म्हणत नव्हते. पावसाळ्यात भुट्टा निखाऱ्यावर भाजून घेताना आठवा. लिंबाची अर्धी फोड तिखट-मिठात बुडवायची आणि कणसावर दाबून फिरवायची. चोळणे म्हणतात ते हेच. लिंबाच्या रसाने मीठ विरघळते आणि भाजलेल्या दाण्यांच्या फटींत शिरते. हिवाळ्यातला गराडू तळून घेतला तरी त्याच्यावर लिंबू आणि मसाला त्याच हाताने, त्याच क्रमाने पडतो. क्रम मोडला तर चव मोडते, हे ठेल्यावरच्या पोरालाही ठाऊक असते.

तेव्हा फोनवरच्या नातवाला काय सांगायचे, तेही नोंदवून ठेवतो. चोळण्यासाठी धने चार चमचे, जिरे दोन, मिरी एक, बडीशेप एक. तव्यावर फक्त ओल जाईपर्यंत शेकायचे, रंग बदलू द्यायचा नाही. गार झाल्यावर जाडसर कुटायचे, मिक्सर असेल तर दोन झटके पुरेत. त्यात निमाडी लाल तिखट दोन चमचे आणि हळद अर्धा चमचा मिसळायची. मीठ या डब्यात घालू नये, ते वेगळे मोजावे : किलोभर मांसाला 12 ते 15 ग्रॅम. आधी मीठ चोळून कोंबडी काही तास, बकऱ्याचे मांस रात्रभर थंड जागी झाकून ठेवावे, आणि मसाला विस्तवावर ठेवण्याच्या तासभर आधी, थोडे तेल लावून त्यावर दाबावा. लसूण कोरडा घालायचा असेल तर कमी, कारण तो सगळ्यात आधी करपतो. पनीर, बटाटा, रताळे यांनाही हेच चालते, फक्त मीठ निम्मे आणि वेळ अर्ध्या तासाचा. मसाला लागेल तेवढाच वाटीत काढून घ्यावा. कच्च्या मांसाला लागलेल्या हाताने डब्याला शिवू नये, आणि वाटीत उरलेला परत डब्यात टाकू नये. उतरवल्यावर पाच मिनिटे तसेच राहू द्यावे, मग लिंबू पिळावे आणि वरून जिरावण. ते बाजारचे चालेल, पण मीठ त्यातही असते, हे विसरून कोणी हात सैल सोडू नये.

डब्याला बाहेरून नाव लिहिलेले बरे. तिकडच्या स्वयंपाकघरात गोडा मसाला, चोळायचा आणि जिरावण असे तीन डबे शेजारी शेजारी बसतात, तिन्हींचा रंग तपकिरी असतो, आणि घाईच्या वेळी सूनबाई किंवा जावईबापू वास घेऊन पाहतीलच याची खात्री देता येत नाही.